न झेललेला आवाज

टिलीच्या घरात वाजणारी एकही वस्तू नव्हती. दाराला घंटी नाही, मांजराच्या गळ्यात घुंगरू नाही. मिठाची डबी होती, पण ती ताटावर धरून खडखडवायची नाही. झाकण काढून चिमटीनं मीठ घ्यायचं. तांदूळ, सुके वाटाणे, बंदुकीचे छर्रे, हललं की आवाज करणारं जे जे काही असेल त्या डब्यात वरून फडकं कोंबलेलं असायचं. थोरल्या लेकीला, जूनला, मुलगी झाली तेव्हा कुणीतरी बाळासाठी पिवळा प्लास्टिकचा खुळखुळा आणला. टिलीनं तो बाळाच्या मुठीतून सोडवला आणि सरळ शेगडीत घातला. घरभर जळका वास सुटला. जून दोन महिने आईशी बोलली नाही.

"म्हातारीचा एक स्क्रू ढिला आहे," जावई म्हणाला.

"ढिला असता तर वाजला असता," टिलीची आतेबहीण ओल्गा म्हणाली. "हिनं डोक्यातसुद्धा फडकं कोंबलंय."

हे वाक्य गावभर झालं. अलास्काच्या किनाऱ्यावरचं, लिंगीट आदिवासींचं तीनशे वस्तीचं गाव ते. हसायला नवीन विषय वर्षाला एखादाच मिळायचा, म्हणून मिळाला की लोक पुरवून पुरवून हसत. टिलीही हसायची. पण हसता हसता तिची नजर पाळण्याकडे जायची, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

ती आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धाचं साल. गाव तेव्हाही दोन बाजूंचं होतं, अर्धं डोमकावळ्याचं, अर्धं गरुडाचं. आईची बाजू तीच लेकरांची बाजू. टिली आईकडून डोमकावळ्याची, त्यातल्या ओहोटी-घर या कुळाची. बाप गरुडाचा, म्हणून आत्या गरुडाची आणि आत्याची लेक ओल्गाही गरुडाची. लग्न समोरच्या बाजूत करायचं, मेलेल्याला खांदा समोरच्यांनी द्यायचा, डोळे समोरच्यांनी पुसायचे. आपण आपल्यालाच पुरे पडत नाही, हे तिथं पोराला चालता येण्याआधी कळतं.

ओहोटी-घरात एक देवदारी पेटी होती आणि पेटीत आजोबा होते. आजोबा म्हणजे तांब्याचा खुळखुळा, नाचाच्या वेळी हातात धरायचा. तांब्याच्या दोन वाट्या ठोकून ठोकून डोमकावळ्याच्या डोक्याच्या आकाराला आणलेल्या, कडेनं जोडलेल्या, आत नदीच्या मुखावरचे बारके खडे. चोचीचं टोक जरा चेपलेलं. डोळे शिंपल्याचे, त्यातला एक पडून गेलेला. मूठ लाकडाची, वर कातड्याची पट्टी आवळलेली. पण खुळखुळा असं त्याला घरात कुणी म्हणत नसे. "आजोबांना ऊन दाखवलं का?" "आजोबांसमोर भांडू नका." असंच बोलत.

पेटीचा राखणदार होता सायमन मामा, टिलीच्या आईचा भाऊ. आडदांड, कमी बोलणारा. मेलेल्यासाठी थोरलं कार्य निघालं की तो आजोबांना बाहेर काढी, मनगटाला एक हिसका देई, आणि आवाज पुरता विरायच्या आत समोरच्या बाकावरून गरुडाकडचं कुणीतरी उठून पालथा तळहात उताणा करून म्हणे, "झेललं."

"न झेललं तर?" टिलीनं एकदा विचारलं होतं.

मामा फाटकं जाळं शिवत होता. सुई न थांबवता म्हणाला, "आजोबांचा आवाज टांगता ठेवायचा नसतो. झेलला नाही तर तो घरातच फिरतो. हात शोधतो. आणि ज्याचा हात लहान असेल, त्याचा धरतो."

एप्रिलमध्ये हेरिंग मासे किनाऱ्याला आले, पाणी दुधासारखं पांढरं झालं, आणि त्यांची अंडी, गाबोळी, चिकटावी म्हणून पाण्यात फांद्या बुडवायला अख्खं ओहोटी-घर होड्यांतून गेलं. टिलीच्या टाचेला गळू झालं होतं, म्हणून ती मागे राहिली. रिकाम्या घरात तिला आधी राणी झाल्यासारखं वाटलं, मग कंटाळा आला. मग ती लंगडत पेटीपाशी गेली.

पेटीच्या दोरीला मामानं मारलेली गाठ सोडायला तिला बराच वेळ लागला. आजोबांना तिनं दोन्ही हातांनी उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड आणि गार. एका डोळ्यानं ते तिच्याकडे बघत होते. तिनं मनगटाला हिसका दिला, मामा द्यायचा तसाच. एकदाच.

ओल्या वाळूवरून हजार खेकडे एकदम पळाले तर जो होईल तसा आवाज झाला. आणि मग घरात इतकं सामसूम झालं की तिला स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू यायला लागलं.

झेलायला कोणी नव्हतं.

ती दाराशी धावली, टाचेचं गळू विसरून. खाली ओहोटी लागली होती, घराचे खांब उघडे पडले होते, धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. तिनं तळहात उताणा केला आणि आपणच म्हटलं, "झेललं." म्हणतानाच तिला कळलं की हे काही खरं नाही. आपल्याच घरचा आवाज आपल्याला झेलता आला असता, तर समोरची बाजू हवीच कशाला? तिनं आजोबांना पेटीत ठेवलं आणि दोरीला गाठ मारली. तिला एकच गाठ यायची, मिशनच्या शाळेत बुटाच्या नाडीची शिकवलेली, फुलपाखरासारखी.

नवव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ आर्ची गेला. सहा वर्षांचा होता. डांग्या खोकला झाला होता. गावात तेव्हा आणखी दोन घरांत तो खोकला होता आणि तिथली मुलं वाचली. शेवटच्या दिवशी खोकल्याची उबळ आली की आर्ची हात पुढे करायचा, कुणीतरी धरावा म्हणून. आई त्याचा हात धरायची. टिली कोपऱ्यात बसून त्या हाताकडे बघायची. लहान होता तो. घरातला सगळ्यांत लहान.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पण आर्चीच्या कार्यासाठी सायमन मामा पेटी उघडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. फुलपाखराकडे त्यानं पाहिलं. मग मान वळवून टिलीकडे पाहिलं. मामानं ती गाठ सोडली, आजोबांना न हलवताच स्वतःची गाठ मारली, आणि त्या कार्यात, त्यानंतरही कधी, आजोबा वाजले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात जुन्या वस्तू गोळा करत हिंडणाऱ्या एका माणसाची लाँच धक्क्याला लागली, आणि ती निघून गेली तेव्हा पेटी रिकामी होती. महिन्याभरानं मामाच्या होडीला नवं इंजिन बसलं. गावानं दोन्हींची सांगड घातली. "सायमननं आजोबा विकून इंजिन घेतलं." कार्यात त्याच्यासमोर ताट यायचं ते सगळ्यांच्या मागून, तेही कुणी नजर न देता. तो खाली मान घालून जेवायचा. वीस वर्षं तसाच जेवला. पुढं दवाखान्यात छातीचं दुखणं घेऊन पडला असताना टिली त्याला ब्लूबेरी घेऊन भेटायला गेली. मामा छताकडे बघत म्हणाला, "लांब आहेत ते आता. एवढ्या लांबून पोचत नाही."

एवढंच. टिलीला पुरतं कळलं. मामानं आख्ख्या गावाची थुंकी अंगावर घेतली होती, ती तिच्या एका हिसक्यापायी.

त्यानंतरचं आयुष्य तिनं इतरांसारखंच काढलं, वरून बघणाऱ्याला तरी तसंच दिसलं. तेराव्या वर्षापासून कॅनरीत, मासे डबाबंद करायच्या कारखान्यात, मासे साफ केले. पट्ट्यावरून रिकामे डबे खणखणत यायचे ते दिवसभर कानावर पडायचे. त्याचं तिला भय नव्हतं, लोखंडाला काही म्हणायचं नसतं. क्लॅरेन्स नावाच्या गरुडाकडच्या भल्या माणसाशी लग्न केलं, चार पोरं वाढवली, नवऱ्याला माती दिली. पण एखादं पोर खोकलं की ती हातातलं काम टाकायची. पोराच्या छातीला कान लावून ती बसून राहायची आणि त्याचे दोन्ही हात आपल्या एका मुठीत घट्ट धरून ठेवायची. "अगं सोड, त्याला नाक पुसू दे," क्लॅरेन्स म्हणायचा. ती सोडायची नाही. दर एप्रिलला गाबोळीचा पहिला घास ती आर्चीच्या नावानं विस्तवात टाकायची आणि मनात म्हणायची, लांब आहेत ते. पोचत नाही.

अठ्ठावन्न वर्षं नाही पोचलं.

मग बहीण रूथ गेली, आणि तिच्या वर्षाच्या कार्याआधी रूथचा मुलगा वेंडेल एक कागद फडकवत मावशीच्या दारात आला. आता ओहोटी-घराचा कारभारी तो. सिअ‍ॅटलला बोटींची इंजिनं दुरुस्त करून पंचविशी-तिशी घालवलेली, घराची गाणी कॅसेटवरून शिकलेला, पण मनापासून शिकलेला.

"मावशी, म्युझियमनं होकार दिला! आजोबा घरी येताहेत. कायमचे यायला अजून वेळ लागेल, पण कार्यापुरते आणतायत. आईच्या कार्याला आजोबा! तू रडतेयस का?"

"कांदा चिरत होते," टिली म्हणाली. ओट्यावर कांदा नव्हता.

शुक्रवारी दुपारी पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानातून म्युझियमची बाई आली. ब्रेंडा तिचं नाव, उंच, अदबशीर. मांडीवर करड्या रंगाची पेटी धरून ती बसली होती. हॉलमध्ये टेबलावर पांढरं कापड अंथरून तिनं पेटी उघडली. ओहोटी-घरचे सगळे भोवती जमले. कुणी रडत होतं, कुणी "या आजोबा, या" म्हणत होतं. टिली सगळ्यांच्या मागे, खुर्चीची पाठ धरून उभी. दोन खांद्यांच्या फटीतून तिला तो एक डोळा दिसला. तो तिच्याकडेच बघत होता.

"हात लावताना हातमोजे घालावे लागतील," ब्रेंडा म्हणाली. "मुठीच्या कातड्याला कीड लागू नये म्हणून पूर्वी विष लावायचे. सोमल. अजून असू शकतं."

"म्हणजे आजोबांना विष पाजलंत आणि वर आम्हालाच जपायला सांगता?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, ब्रेंडाही कानकोंडी होऊन हसली. टिलीला हसू आलं नाही. तिच्या मनात आलं, चला, निदान ही बाई तरी शहाणी आहे. घाबरते.

शनिवारी सकाळी धुकं असं उतरलं की हॉलच्या पायरीवरून धक्का दिसेना. जूनो शहराहून यायची बोट कुठल्याशा बेटाआड थांबून राहिली होती, आणि गरुडाकडचे बहुतेक पाहुणे, त्यांना आणायला गेलेली गावची गरुड मंडळी धरून, त्याच बोटीवर होते. दोनला सुरू व्हायचं कार्य चारवर गेलं. हॉलमध्ये फक्त यजमान, म्हणजे झाडून सगळे डोमकावळे. मागच्या स्वयंपाकघरात टिली तळणाची कणीक मळत होती. जूनची लिली, आता नऊ वर्षांची, शेजारी स्टुलावर बसून ब्लूबेरी निवडत होती. निवडलेल्या अर्ध्या तोंडात जात होत्या. आणि ती खोकत होती. परवापासून. कोरडा, खर्र खर्र.

"सर्दी आहे, आई," जून म्हणाली. "गावात निम्म्या पोरांना आहे."

टिलीनं कणकेत मूठ दाबली. खोकला तेव्हाही नुसता आर्चीला नव्हता.

तेवढ्यात मागचं दार ढकलून ओल्गा आत आली, केसांवर धुक्याचे थेंब, पायात घरातल्या सपाता. गावात मागे राहिलेल्या गरुडांपैकी चालती-बोलती ती एवढीच. बाकी दोघं अंथरुणाला खिळलेली.

"ए कावळीण," ती म्हणाली, "माझ्या वाट्याचा हॅलिबट मासा चाखून बघायला आलेय. तुमच्याकडे मीठ चिमटीनं पडतं म्हणे, दुपारपर्यंत तरी पुरं पडेल का?"

"पाहुणीनं चुलीपाशी यायचं नसतं, लाज वाटते का?" टिली म्हणाली.

"लाज आईनं मला घेऊन दिली होती, पण मापाला लहान पडली."

बायका खदखदल्या. जूननं ओल्गाच्या हातावर तळलेल्या भाकरीचा एक गरम तुकडा ठेवला आणि खांद्याला धरून तिला बाहेर काढलं. टिलीच्या ओठांवर आलं होतं, ओल्गे, थांब. आज या हॉलच्या आसपासच राहा. पण का, असं तिनं विचारलं असतं. दार लागलं. सपातांचा आवाज धुक्यात दूर गेला.

पाचेक मिनिटांनी हॉलमधून वेंडेलचा आवाज आला. "सगळ्यांनी जरा गप्प राहा हं! आवाजाची नोंद करायचीय."

टिली कणकेच्या हातांनी दाराशी आली. टेबलावर छोटं यंत्र, त्याच्यावर लाल दिवा. वेंडेल हातमोजे चढवत होता. ब्रेंडा हळू आवाजात समजावत होती, "आमच्याकडे आजवर कुणीच तो हलवलेला नाही. आवाज कसा आहे हेच आम्हाला माहीत नाही. तुमच्याच कामाला येईल, तुमच्या मुलांना."

"हो हो," वेंडेल म्हणाला. "कार्यात गोंगाट असतो, तेव्हा नीट येणार नाही. आत्ताच करू."

अठ्ठावन्न वर्षांत एकदाही नाही. म्हणजे शेवटचा हिसका तिचा होता. तो आवाज आत तसाच दबून बसलेला होता आणि आता बाहेर येणार होता, आणि बाकांवर समोर कुणी नव्हतं. टिलीच्या मागून, स्वयंपाकघरातून, लिली खोकली.

वेंडेलनं आजोबांना उचललं.

टिली धावली. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना, खुर्ची पाडत धावली आणि तिनं दोन्ही हातांनी वेंडेलचं मनगट धरलं. त्याच्या पांढऱ्या हातमोज्यावर कणीक फासली गेली.

"मावशी! अगं पडतील ना!"

"हलवू नको. झेलायला कोणी नाही."

"हे काय कार्य आहे का? नुसती नोंद आहे. यंत्रासाठी."

"आजोबांना काय कळतंय यंत्र!"

"मावशी, सोड. लोक बघतायत."

"बघू देत. लिली खोकतेय. आर्चीपण खोकत होता. मी वाजवलं होतं, वेंडेल. मी. घरात कोणी नव्हतं तेव्हा. एकदाच. नवव्या दिवशी आर्ची गेला. माझ्या हातानं गेला तो."

ब्रेंडानं यंत्र बंद केलं. लाल दिवा विझला. जून दारात उभी होती, तिच्या कमरेला धरून लिली. टिलीनं मनगट सोडलं नव्हतं.

"आणि मामानं पैशासाठी विकलं नाही," ती म्हणाली. "मामानं गाठ बघितली. माझी गाठ. मला काही होऊ नये, आणखी कुणाला होऊ नये, म्हणून त्यानं ते लांब धाडलं. आणि तुम्ही, तुमच्या आयांनी, मी धरून सगळ्यांनी, वीस वर्षं त्याला मागून ताट दिलं."

वेंडेलनं फार जपून आजोबांना कापडावर टेकवलं. आवाज होऊ दिला नाही. खुर्ची उचलून त्यानं मावशीला बसवलं. कुणीतरी रडायला लागलं. जून आईच्या पायाशी बसली आणि तिच्या कणकेच्या हातांकडे बघत म्हणाली, "पिवळा खुळखुळा." एवढंच म्हणाली.

"ओल्गाला बोलवा," टिली म्हणाली.

ओल्गा आली ती बडबडतच. "एकदा हाकलता, एकदा बोलावता, मी काय बोट आहे का..." मग तिनं टिलीचं तोंड पाहिलं आणि पुढचं गिळलं. टिलीनं तिला सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कठीण गेलं, कारण पहिल्यांदा ते आपोआप सांडलं होतं. गाबोळीचे दिवस, टाचेचं गळू, एक हिसका, दाराशी धावणं, ओहोटी, रिकामा धक्का.

ओल्गा उभी राहूनच ऐकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच ती मध्ये बोलली नाही. टिलीचं संपल्यावर तिनं एक खुर्ची ओढली, धपकन बसली, आणि सपातांकडे बघत म्हणाली,

"धक्का रिकामा होता, पण घराखाली कोण होतं?"

"काय?"

"घराखाली, खांबांमध्ये. मी होते, मेले. दहा वर्षांची. तुझ्या मामाच्या मासे सुकवायच्या धुरीघरातून सामन माशाची पट्टी चोरली होती, ती खात बसले होते. डोक्यावर एकदम खर्रर्र झालं. मला वाटलं आजोबांनीच पकडलं. तोंडात मासा, हात तेलकट, काय करणार? आईनं शिकवलेलं एकच ठाऊक होतं. तळहात असा उताणा केला आणि म्हटलं, झेललं." तिनं हात करून दाखवला. "मग पळाले, ती थेट घरी."

"तू... कधी बोलली नाहीस."

"चोरी सांगत फिरू? तुझ्या मामाचे हात बघितले होतेस ना केवढे होते? आणि मला काय माहीत वरती तू होतीस." ओल्गानं वर पाहिलं. "तुझा आवाज टांगता राहिला नाही, टिले. झेललेला होता. आर्ची खोकल्यानं गेला. खोकल्यानंच."

हॉलमधून एक मोठा श्वास सुटला. वेंडेलनं डोळे पुसले. "ऐकलंस ना, मावशी?"

टिलीनं ऐकलं होतं. ती ओल्गाकडे बघत होती. तो हिसका, ते सामसूम आणि ती ओहोटी तिनं अठ्ठावन्न वर्षं रोज पुन्हा पुन्हा पाहिली होती. त्या दिवसातला एक दगड इकडचा तिकडे झाला असता तरी तिला कळला असता. ते गाबोळीचे दिवस होते. एप्रिल. आदल्या वर्षीची सामन मार्चमध्येच संपायची, नवी यायला जुलै लागायचा. एप्रिलमध्ये धुरीघरात आढ्याला रिकाम्या काठ्या असत आणि कोळिष्टकं. चोरायला तिथं पट्टी कुठली?

तिनं तोंड उघडलं. ओल्गाची नजर हलली नाही. पापणीही नाही. त्या म्हाताऱ्या, लबाड, तपकिरी डोळ्यांत एक अक्षरही वाचता येत नव्हतं. मांडीवर तिचा तळहात अजून उताणाच होता, कुणीतरी काहीतरी ठेवावं म्हणून धरल्यासारखा.

डोळे समोरच्यांनी पुसायचे असतात. फडकं कुठून आणलं हे विचारायचं नसतं.

टिलीनं तोंड मिटलं. भीती गेली नव्हती. जन्मभर ज्या कोपऱ्यात ती बसलेली असायची तिथंच होती. फक्त आता तिच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलं होतं. आणि तिच्यामागे नवीनच काहीतरी दिसत होतं, त्याहून गार. ओल्गाचं खरं असेल तर आर्ची उगाच गेला. कशाहीमुळे नाही. नुसता गेला.

"आज संध्याकाळी मी उभी राहणार," ती वेंडेलला म्हणाली. "पाहुणे आले की. रूथचं नाव घेतल्यावर मामाचं नाव मी घेणार. आणि पहिलं ताट त्याच्या नावानं विस्तवात जाईल. सगळ्यांत आधी. हॅलिबटच्या गालाचं मांस घालून."

"जाईल, मावशी."

"आणि आता वाजव. ओल्गा आहे तोवर वाजव. माझ्यासमोर होऊन जाऊ दे."

"नक्की?"

"विचारत बसू नको, नाहीतर मी पळून जाईन."

ब्रेंडानं यंत्राकडे हात नेला आणि वेंडेलकडे पाहिलं. वेंडेलनं टिलीकडे पाहिलं. टिलीनं मान हलवली, नको. ब्रेंडानं हात मागे घेतला.

ओल्गा समोरच्या रिकाम्या बाकांपाशी जाऊन उभी राहिली. पन्नास माणसांच्या जागेत एकटी, सपातांमध्ये. केस मागे सारले. तळहात पुढे केला. टिलीनं लिलीला ओढून मांडीवर घेतलं, नऊ वर्षांची उंच पोर, पाय जमिनीला टेकत होते. तिचे दोन्ही हात तिनं आपल्या मुठीत घेतले. ब्लूबेरीनं चिकट झालेले, लहान हात.

"आजी, दुखतंय."

"दुखू दे थोडं."

वेंडेलनं मनगटाला हिसका दिला.

तोच. ओल्या वाळूवरून हजार खेकडे. टिलीनं डोळे मिटून घेतले. आवाज छताला गेला, छताकडून खाली आला, बाकांवरून फिरला, आणि तिच्या कानात रक्त ठणकायला लागलं. एवढा वेळ का लागतोय? ओल्गा कुठंय? धुक्यातून बाहेर तर गेली नाही? तिनं लिलीचे हात आणखी आवळले.

"झेललं!" ओल्गा ओरडली. बोटीवरच्या लोकांनाही ऐकू गेलं असतं असं.

टिलीनं हळूच डोळे उघडले. आजोबा वेंडेलच्या हातात स्थिर होते. लिली मांडीवर होती, उबदार, वजनदार. टिलीनं श्वास सोडला.

आणि लिली खोकली. एक उबळ, मग दुसरी, खर्र खर्र, त्या सामसूम हॉलमध्ये भिंतींवर आपटत. तिनं समोर पाहिलं. ओल्गानं हात खाली घेतलेला नव्हता.

"तेही झेललं," ओल्गा म्हणाली.